नर्तकीचें स्वत्व



गेल्या हिवाळ्यांत आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील एका शाळेच्या स्नेहसंमेलनास पाहुणा म्हणून जाण्याचा योग आला. सातवी-आठवीच्या मुलींनीं एक लावणी सादर केली. नऊवारी नेसलेल्या, कपाळीं चंद्रकोर रेखलेल्या त्या मुली मोठ्या तयारीनें नाचल्या आणि पुढच्या रांगांत बसलेल्या आईबापांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. कार्यक्रम आटोपल्यावर त्यांपैकीं एकीला मीं सहज विचारलें, "ही लावणी कुणाची ग?" तिनें चित्रपटाचें नांव सांगितलें. तिच्या शिक्षिकाबाईंनीं गायिकेचें, संगीतकाराचें आणि कवीचेंहि नांव पुरविलें. मीं म्हटलें, "तें शब्दांचें आणि सुरांचें झालें. परंतु पदर दोन बोटांत धरून, मान किंचित् वळवून मध्येंच थांबण्याची ती जी लकब तुम्हीं केलीत, ती कुणाची?" ह्या प्रश्नाला मात्र उत्तर मिळालें नाहीं. उत्तर मजजवळहि नव्हतें.

आजच्या भाषणाचा विषय त्या अनुत्तरित प्रश्नांतच आहे. नर्तकी जेव्हां नाचते, तेव्हां त्यांत तिचें स्वतःचें असें काय असतें? आणि जें तिचें असतें त्यावर तिचें नांव कां लागत नाहीं? वरवर पाहतां हा चार रसिकांनीं बसून करावयाच्या चर्चेचा विषय वाटेल. परंतु त्याच्या उत्तरावर पुष्कळ मुलींची भाकरी आणि मान अवलंबून आहे. म्हणून तो सुशिक्षित घरांतून बोलला जावा, अशी माझी इच्छा आहे.

असले अवघड प्रश्न विचारण्याची बुलढाण्याला जुनी परंपरा आहे. १८८२ सालीं येथल्याच ताराबाई शिंदे यांनीं 'स्त्रीपुरुष तुलना' नांवाचें एक लहानसें पुस्तक लिहिलें. सुरतेच्या एका तरुण विधवेवर बालहत्येचा खटला झाला आणि वृत्तपत्रांतून सरसकट स्त्रीजातीवर जी चिखलफेक सुरू झाली, तिच्या संतापांतून तें जन्मास आलें. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यांत त्याच्या ५०० प्रति निघाल्या. किंमत होती नऊ आणे. स्त्रियांच्या माथीं जे दोष मारले जातात ते पुरुषांच्या अंगीं नाहींत काय, हा ताराबाईंचा रोखठोक सवाल होता. जिला समाज 'वाईट' म्हणून बोट दाखवितो ती त्या वाटेला लागली कशी आणि तिला तेथवर नेणारा कोण, हेंहि विचारावयास त्या कचरल्या नाहींत. पुढें हें पुस्तक इतकें विस्मरणांत गेलें कीं १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें पुनः प्रकाशांत आणीपर्यंत लेखिकेचें नांवहि फारसें कुणाला ठाऊक नव्हतें. लिहिणाऱ्या बाईची ही गत. मग जिची कला कागदावर उमटतच नाहीं त्या नाचणाऱ्या बाईची काय कथा!

आतां नर्तकीचें स्वतःचें म्हणजे काय, तें जरा उकलून पाहूं. लावणी सिद्ध होते ती चौघांच्या हातून. शाहीर शब्द देतो. पेशवाईच्या उत्तरकाळांतील रामजोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर हीं नांवें आपल्या शाळकरी पोरांनाहि पाठ असतात. दुसरा चाल बांधतो. तिसरा ढोलकीवर लयीचा डोलारा उभा करतो. चौथी नर्तकी. ह्या चौघांपैकीं पहिल्याची गणना वाङ्मयांत झाली, दुसऱ्या-तिसऱ्याची संगीतांत झाली आणि चौथीची मात्र करमणुकींत झाली. जणूं काय ती दुसऱ्यांनीं भरलेला घडा केवळ डोक्यावरून वाहून आणते!

वस्तुस्थिति अगदीं निराळी आहे. ढोलकीच्या फडांतील लावणी ही उभ्यानें, मोठ्या समुदायापुढें, गण, गौळण, बतावणी आणि वग ह्यांच्या ओघांत होते. संगीत बारीची रीत वेगळी. तेथें चार-सहा जणी, पेटी, तबला व ढोलकी एवढाच संसार. आणि त्यांतली बैठकीची लावणी तर बहुतांशीं बसूनच सांगावयाची. पाय दुमडलेले, पदर सांवरलेला, समोर मोजके श्रोते. गाणारी एकच ओळ पुनः पुनः घोळते. एकदां ती ओळ डोळ्यांनीं सांगते, एकदां भुवईनें, एकदां करंगळीच्या टोंकानें, आणि एकदां कांहींच न करतां नुसती थांबून. 'या' एवढा एकच शब्द घ्या. तो रुसव्यानें म्हटला म्हणजे 'येऊं नका' असा होतो. विनवणीनें म्हटला म्हणजे सारा विरह त्यांत सामावतो. उपहासानें म्हटला म्हणजे समोरचा शौकीन खालीं मान घालतो. कवीनें शब्द एकदांच लिहिला. त्याचे दहा अर्थ केले ते तिनें. ह्यालाच जाणकार अदा म्हणतात. ही अदा पोथींत नसते, ती शिकवितांना अर्धीच शिकवितां येते. उरलेली अर्धी जिची तिला घडवावी लागते. तेंच नर्तकीचें स्वत्व.

ह्याचें उत्तम उदाहरण म्हणजे यमुनाबाई वाईकर. त्यांचा जन्म ३१ डिसेंबर १९१५ चा, वाईच्या परिसरांतला, कोल्हाटी समाजांतला. घरीं अठराविश्वे दारिद्र्य. बालपणीं रस्त्यावर गाऊन-नाचून पोट भरण्याची पाळी. पहिली गुरु आईच. पुढें त्यांनीं यमुना-हिरा-तारा वाईकर ह्या नांवानें संगीत पार्टी उभी केली आणि लावणीच्या बरोबरीनें ठुमरी, गझल, तराणा हेहि प्रकार आपल्या गळ्यांत मुरवून घेतले. कथकाचे नामांकित आचार्य पंडित बिरजू महाराज यांच्यासमवेतहि त्यांनीं अदाकारी केली. एका बाजूला लखनौच्या बिंदादीन महाराजांची गादी, दुसऱ्या बाजूला वाईच्या कोल्हाटवाड्यांतील एक बाई. आणि भाव सांगण्याच्या कलेंत दोघें समोरासमोर!

परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. बिरजू महाराजांच्या मागें लखनौ घराणें आहे. पिता अच्छन महाराज, चुलते लच्छू महाराज व शंभू महाराज, त्यांच्याहि मागें कालकाप्रसाद आणि बिंदादीन, अशीं नांवें घडाघडा सांगतां येतात. यमुनाबाईंच्या मागें कोण? एक आई आणि तिच्या मागच्या कित्येक आया-मावश्या. त्यांनींहि पिढ्यान्पिढ्या हीच विद्या जतन केली. तथापि 'वाई घराणें' असा शब्द कधीं कुणाच्या तोंडून आपण ऐकला आहे काय? घराणें म्हणजे तरी काय? कुणी कुणापासून काय घेतलें आणि त्यांत आपलें काय घातलें, ह्याचा जपून ठेवलेला हिशेब. तो हिशेब एका बाजूस आदरानें लिहिला गेला आणि दुसऱ्या बाजूस लिहिण्याची गरजच कुणाला भासली नाहीं.

यमुनाबाईंना १९७७ सालीं संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०१२ सालीं पद्मश्री. त्या वेळीं त्यांचें वय होतें ९६ वर्षांचें. १५ मे २०१८ रोजीं, वयाच्या १०३ व्या वर्षीं, त्या निवर्तल्या. उशिरां कां होईना, सन्मान झाला ह्याचा आनंद आहेच. परंतु सोळाव्या वर्षीं जी मुलगी ढोलकीच्या पहिल्या थापेबरोबर उभी राहते, तिला शहाण्णवाव्या वर्षापर्यंत वाट पहा, असें सांगणें हा काय न्याय झाला?

नांवाचा विषय निघाला आहे म्हणून आणखी थोडें सांगतों. वाईकर, सातारकर, पंढरपूरकर, संगमनेरकर, नारायणगांवकर अशीं ह्या कलावतींचीं आडनांवें. हीं गांवांचीं नांवें आहेत. आपणांपैकींहि अनेकांचीं आडनांवें गांवांवरूनच पडलेलीं आहेत. पण आपल्या नांवाच्या मध्यें वडिलांचें किंवा पतीचें नांव असतें. कोल्हाटी समाजांत जी नाचावयास उभी राहिली तिचें लग्न व्हावयाचें नाहीं, असा रिवाज होता. तिच्या मुलांना बापाचें नांव मिळत नसे. डॉ. किशोर शांताबाई काळे यांनीं 'कोल्हाट्याचं पोर' हें आत्मवृत्त १९९४ सालीं प्रसिद्ध केलें, तेव्हां मधल्या जागीं असलेलें आईचें नांव पाहून पुष्कळ वाचक थबकले. त्या एका नांवांत एका समाजाची सारी कहाणी होती. उलट विठाबाईंच्या नांवांत जात उघडपणें होती. त्यांच्या वडिलांचा व चुलत्यांचा फड भाऊ-बापू मांग नारायणगांवकर ह्या नांवानें गाजला, आणि विठाबाईहि 'भाऊ मांग नारायणगांवकर' असेंच पुढें लावीत. ज्या शब्दाला लोक हिणवीत त्याच शब्दाचा त्यांनीं फलक केला.

विठाबाई १९३५ सालीं पंढरपुरास जन्मल्या. भर तमाशांत वेणा सुरू झाल्या असतां त्या पडद्यामागें गेल्या, प्रसूत झाल्या, दगडानें नाळ तोडली आणि पुनः रंगमंचावर आल्या, ही हकीकत महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं आहे. आपण ती कौतुकानें सांगतों. मला मात्र ती ऐकतांना दरवेळीं असें वाटतें कीं हिच्यांत कौतुकापेक्षां लाज वाटण्यासारखें अधिक आहे. तिकीट काढून बसलेल्या समुदायाला त्या बाईचें काय झालें हें कळेपर्यंत खेळ थांबवितां आला नाहीं? राष्ट्रपतींच्या हस्ते पदक मिळविलेल्या, १९६२ च्या युद्धांत सीमेवरील जवानांपुढें कला सादर केलेल्या ह्या स्त्रीचे अखेरचे दिवस विपन्नावस्थेंत गेले. १५ जानेवारी २००२ रोजीं त्या वारल्या आणि त्यानंतर त्यांच्या नांवानें राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. जीवन सरल्यावर गौरव, हा आमचा नेहमींचाच क्रम.

आतां ह्या कलेकडे पाहण्याच्या आमच्या दृष्टीचा थोडा इतिहास पाहूं. स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या पहिल्याच कांहीं दिवसांत मुंबई सरकारनें तमाशावर बंदी घातली. फडकऱ्यांनीं गाऱ्हाणें मांडल्यावर सुधारणेसाठीं समिति नेमली गेली, आणि वग आधीं तपासून मग परवाना देण्याची पद्धति आली. आपला बुलढाणा जिल्हा त्या काळीं मध्यप्रांत-वऱ्हाडांत होता, त्यामुळें मुंबईचा हुकूम येथें लागू नव्हता. परंतु मनांतली बंदी येथेंहि होतीच. आणि ज्या नभोवाणीवरून मी हें बोलत आहें, तिचाहि इतिहास निष्कलंक नाहीं. त्याच सुमारास, जिच्या खासगी जीवनाविषयीं लोकापवाद आहे अशा गायिकेला ध्वनिक्षेपणांत स्थान देऊं नये, असा दंडक येथें घालण्यांत आला होता. गवयाच्या खासगी जीवनाची अशी झडती कधीं कुणी घेतल्याचें ऐकिवांत नाहीं. ताराबाईंचा सवाल आठवतो तो अशा वेळीं.

दक्षिणेंत हेंच नाट्य मोठ्या प्रमाणावर घडलें. देवदासींच्या घरांत जपलेलें सादिर नृत्य भरतनाट्यम् ह्या नांवानें नव्या प्रतिष्ठेस चढलें. १९३६ सालीं रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनीं स्थापिलेल्या कलाक्षेत्रानें त्याला शिस्त आणि सन्मान दिला; तें कार्य थोर होतें. १९४७ सालीं मद्रास इलाख्यांत देवदासी-प्रथेविरुद्ध कायदा झाला, तोहि हितबुद्धीनेंच. परंतु ह्या दोहोंचा एकत्र परिणाम असा झाला कीं नृत्य देवडीवरून दिवाणखान्यांत आलें आणि तें जपणाऱ्या स्त्रिया मात्र देवडीवरच राहिल्या. त्या कुळांतल्या बालासरस्वतींसारखी एखादीच आपल्या असामान्य प्रतिभेच्या बळावर जगन्मान्य झाली. लावणीचेंहि असेंच होऊं घातलें आहे. ती चित्रपटांत आली, शहरांच्या नाट्यगृहांत आली, आमच्या शाळेच्या संमेलनांत आली. परंतु चौफुला, मोडनिंब, जामखेड येथील थिएटरांत जी मुलगी खरोखर ती जगते, तिला आमच्या संमेलनाचें आमंत्रण कधीं गेलें नाहीं.

येथें एक आक्षेप निघेल, आणि तो हलका नाहीं. ज्या कलेनें त्या स्त्रियांचें शोषण केलें ती कला जगवावयाची तरी कशाला? हा आक्षेप केवळ सोवळ्या मंडळींचा नाहीं. तो त्या समाजांतूनहि आलेला आहे. पठ्ठे बापूराव म्हणजे मूळचे श्रीधर कृष्ण कुळकर्णी. जातीचा ब्राह्मण, परंतु लावणीसाठीं घरदार सोडून तमाशांत शिरलेला हा कवि आणि त्यांच्या फडांतील महार समाजांतली पवळाबाई ही जोडी एके काळीं साऱ्या महाराष्ट्राला वेड लावून गेली. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहासाठीं बापूरावांनीं तमाशाच्या उत्पन्नांतून देणगी देऊं केली असतां डॉ. आंबेडकरांनीं ती नाकारली, अशी हकीकत सांगितली जाते. आमच्या भगिनींना नाचवून मिळविलेला पैसा नको, असा त्या नकाराचा आशय. ज्यांनीं हें भोगलें त्यांचा हा नकार आपण आदरानें ऐकला पाहिजे. अलीकडे प्रा. शैलजा पाईक यांनीं तमाशांतील दलित स्त्रियांवर 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' हा इंग्रजी ग्रंथ २०२२ सालीं लिहिला. अश्लीलतेचा शिक्का हा नाचापेक्षां जातीवर अधिक मारला जातो, हें त्यांनीं साधार दाखविलें आहे. तोच नाच वरच्या घरची मुलगी करते तेव्हां ती 'लोककला' होते!

माझ्या मतें ह्या आक्षेपाचें उत्तर एवढेंच आहे कीं शोषण कलेंत नाहीं, शोषण आहे तें निवड नसण्यांत. जन्मानें नाचावें लागणें हें दास्य. आणि जन्मानें नाचणारीला दुसरें कांहीं करूं न देणें हेंहि दास्यच. म्हणून नवोदित कलावतीला साह्य करणें म्हणजे तिला त्याच वाटेवर ढकलणें नव्हे. दोन्ही दारें उघडीं ठेवावयाचीं. जिला बाहेर पडावयाचें आहे तिला शाळेची वाट, आणि जिला रहावयाचें आहे तिला मानाची जागा.

ती जागा कशी देतां येते, ह्याचा एक प्रयोग गेल्या कांहीं वर्षांत झालेला आहे. भूषण कोरगांवकर यांनीं संगीत बारींतील स्त्रियांच्या सहवासांत पुष्कळ दिवस घालवून 'संगीत बारी' हें पुस्तक लिहिलें, आणि सावित्री मेधातुल यांच्यासमवेत त्याच नांवाचा कार्यक्रम रंगभूमीवर आणला. त्यांत निवेदक आहे. परंतु नाचतात आणि गातात त्या खुद्द बारींतल्या कलावतीच, स्वतःच्या नांवानें. त्यांच्या कलेची नक्कल करणारी दुसरीच कुणी त्यांच्या जागीं उभी करण्यांत आली नाहीं. हा भेद दिसावयास लहान, परंतु त्यांतच सारें आलें.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. बुलढाण्यांत नर्तन नाहीं, असा एक गैरसमज शहरवासीयांत आहे. सातपुड्याच्या पायथ्याशीं, जळगांव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत, कोरकू वस्त्या आहेत. मेळघाटापासून पसरलेल्या ह्या समाजाचीं गदली-सुसून हीं नृत्यें ढोल आणि बांसरीच्या नादावर रंगतात. त्यांच्या शेजारींच निहाल लोक आहेत, ज्यांच्या निहाली भाषेचें नातें जगांतील कोणत्याहि भाषाकुलाशीं अद्याप निश्चित जुळलेलें नाहीं. घाटावर, लोणार-मेहकरच्या बाजूस, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. श्रावणांत तेथल्या कुमारिका टोपल्यांत गहूं पेरतात आणि तिजेचे ते नऊ दिवस त्या अंकुरांभोंवतीं गात-नाचत घालवितात. आणि ज्या घरांत हें भाषण ऐकलें जात आहे, त्यांतल्या कितीतरी आजीबाईंनीं भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईपुढें टिपऱ्या खेळल्या असतील.

ह्या नृत्यांत स्वत्वाची गोष्ट निराळी आहे, हें समजून घ्यावें. लावणींत एकटीची अदा असते. कोरकू फेरांत अदा साऱ्या गांवाची. तेथें उत्कृष्ट नर्तक कोण, असें विचारणें म्हणजे पोळ्यांतली उत्कृष्ट मधमाशी कोणती, असें विचारण्यासारखें आहे. म्हणून बक्षीस एकाला देऊन चालत नाहीं, तें गांवाला द्यावें लागतें. रात्रभर चालणारा फेर चार मिनिटांत बसवा, त्यांनीं कधींच न घातलेले पिसांचे मुगुट घाला, असा आग्रह समारंभांचे व्यवस्थापक धरतात. तो धरूं नये. त्यानें नृत्य दिसतें, नर्तक मात्र नाहींसा होतो.

तर मग सुशिक्षित घरांनीं काय करावें? माझ्या अल्प बुद्धीप्रमाणें चार गोष्टी सुचवितों.

पहिली नांवाची. कार्यक्रमपत्रिकेंत कवि व गायक यांच्याबरोबर, नृत्य ज्या कलावतीच्या परंपरेंतून आलें तिचें नांव छापावें. नांव ठाऊक नसेल तर शोधावें. हें कांहीं खर्चाचें काम नव्हे.

दुसरी बिदागीची. लावणी शिकवावयाची असेल तर ती करणाऱ्या स्त्रीलाच गुरु म्हणून बोलवावें. गाण्याच्या मास्तरांना जी बिदागी देतों तीच तिला, तींहि आधीं ठरवून आणि वेळेवर. पोषाख बदलावयास कडी लागणारी खोली, रात्रीं परत जावयाची सोय आणि 'बाई' ह्या आदरार्थी संबोधनानें झालेला परिचय, ह्याहि बिदागीच्याच बाबी समजाव्यात. दौलतजादा ही मर्जी आहे, बिदागी हा हक्क आहे. आणि मर्जीवर जगणाऱ्याला स्वतःचें मत बाळगणें फार महाग पडतें.

तिसरी शिक्षणाची. तमाशाचा हंगाम दसऱ्यापासून उन्हाळ्याच्या जत्रांपर्यंत चालतो. नारायणगांवास फडांच्या राहुट्या लागतात आणि गांवोगांवचे पंच तेथें जाऊन सुपारी देतात. नेमके हेच महिने शाळेचे. फडाबरोबर फिरणाऱ्या मुलाची शाळा सुटते ती अशी; अंगच्या आळसानें नव्हे. २०२० व २०२१ सालीं महामारीमुळें जत्राच बंद झाल्या, तेव्हां एकाच व्यवसायावर अवलंबून राहण्याचे काय हाल होतात तें साऱ्यांनीं पाहिलें. मुंबई विद्यापीठांत लोककला अकादमी आहे ही समाधानाची गोष्ट. परंतु तिच्या दारापर्यंत पोंचावयास आधीं शाळेची पायरी चढावी लागते. आपल्या गांवांतील वसतिगृहांत अशा एका मुलीची सोय करणें हें एखाद्या मंडळाच्या आवांक्यांतलें काम आहे.

चौथी वेळेची. शासन वृद्ध कलावंतांना मासिक मानधन देतें. पन्नाशी उलटलेल्यांसाठीं ती योजना आहे आणि ती असावयासच हवी. परंतु कला घडते ती वयाच्या पंधराव्या ते तिसाव्या वर्षीं. त्याच वर्षांत कलावती घर चालविण्यासाठीं जें मागतील तें नाचते आणि तिची स्वतःची अदा घडावयाची राहून जाते. वर्षाकाठीं एका उमेदवार मुलीला सहा महिन्यांची निश्चिंती देणारें एखादें मंडळ जरी ह्या जिल्ह्यांत निघालें, तरी तिच्या हातून जें निर्माण होईल तें आपल्या सर्व पुरस्कारांहून मोलाचें ठरेल.

हें दातृत्व नव्हे, हेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे. ज्याची वस्तु आपण वापरली त्याची किंमत चुकती करणें ह्याला दान म्हणत नाहींत. आपल्या मुली ज्या लकबीवर टाळ्या मिळवितात, ती लकब कुणीतरी उपाशीपोटीं, अपमान गिळून घडविलेली आहे. तें कर्ज आहे, आणि तें पुष्कळ थकलेलें आहे.

त्या शाळेंतल्या शिक्षिकाबाई परवां पुनः भेटल्या. म्हणाल्या, "तुमचा तो प्रश्न मुलींनीं काढून ठेवला आहे हो. यंदाच्या संमेलनाला लावणी बसवावयाची तर शिकवावयास खरीच कलावती हवी, असा त्यांनीं धोशा लावला आहे. मुख्याध्यापकांना सांगितलें, तर ते म्हणाले, पालक काय म्हणतील?"

पालक काय म्हणतील, हें पालकांनींच ठरवावयाचें आहे. आणि ते ह्या क्षणीं ऐकत आहेत. ताराबाई शिंदे यांनीं ह्याच बुलढाण्यांतून सवाल केला, तेव्हां त्याला उत्तर देण्याचें धैर्य फारच थोड्यांनीं दाखविलें. तेराव्या वर्षीं नऊवारी नेसून उभ्या राहिलेल्या ह्या मुलींचा सवाल त्या मानानें सोपा आहे. त्यांना एवढेंच जाणून घ्यावयाचें आहे कीं ही लकब कुणाची, आणि ती बाई आमच्या शाळेच्या पुढच्या दारानें आंत येऊं शकेल कीं नाहीं.